लहान घरातील मोकळी जागा

घर लहान पडते ही तक्रार शहरात राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांची असते, आणि ती खोटी नसते. तथापि घराचे क्षेत्रफळ आणि घरातील सुख या दोन गोष्टी एकाच मापाने वाढत नाहीत, हे कोणत्याही जुन्या वसाहतीतून फेरफटका मारला तरी ध्यानात येते. सारख्याच मापाच्या भूखंडांवर, एकाच आराखड्यानुसार बांधलेल्या दोन शेजारच्या घरांपैकी एक घर भरदुपारीही उजेडाचे, हवेशीर आणि ऐसपैस वाटते. दुसऱ्यात पाऊल टाकताच दिव्याचे बटण शोधावे लागते. दोन्ही घरांत माणसे तितकीच, मिळकतही जवळजवळ तितकीच. मग हा फरक कोठून येतो? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत प्रकरणात एका विशिष्ट वसाहतीच्या आधाराने करावयाचा आहे. ही वसाहत म्हणजे जयपूरमधील मानसरोवर.

मानसरोवरची घरे

राजस्थान आवासन मंडळाची स्थापना १९७० साली झाली. शहरात येणाऱ्या नोकरदार आणि कष्टकरी कुटुंबांना त्यांच्या ऐपतीनुसार पक्के घर मिळावे, हा मंडळाचा हेतू होता. त्यासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, अल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न आणि उच्च उत्पन्न अशा गटांप्रमाणे घरांची मापे ठरविण्यात आली. मंडळाने जयपूरच्या जुन्या शहराच्या नैऋत्येस उभारलेली मानसरोवर ही वसाहत १९८०च्या दशकात आकाराला आली. शिप्रा पथ, वरुण पथ, रजत पथ, किरण पथ, मध्यम मार्ग अशा रस्त्यांनी आणि क्रमांक दिलेल्या विभागांनी ती आखलेली आहे. एके काळी शहराबाहेरची समजली जाणारी ही वस्ती आज शहराचाच भाग झाली आहे; ३ जून २०१५ रोजी जयपूरची पहिली मेट्रो गाडी धावली ती मानसरोवर ते चांदपोल याच मार्गावर.

अशा वसाहतींतील लहान घरे बहुधा ओळीने बांधलेली असतात. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात. त्यामुळे घराला उजेड आणि वारा मिळण्याच्या दिशा दोनच उरतात : पुढची आणि मागची. पुढे थोडी मोकळी जागा, मग खोल्या, आणि मागे आकाशाला उघडा असा लहानसा चौक, ही या घरांची सर्वसाधारण मांडणी होय.

विवेचनाच्या सोयीसाठी एक नमुन्याचे घर डोळ्यांसमोर ठेवू. भूखंड साडेचार मीटर रुंद आणि दहा मीटर लांब, म्हणजे ४५ चौरस मीटरांचा आहे. पुढे दोन मीटर आणि मागे दोन मीटर जागा सोडली आहे. मधल्या सहा मीटरांत सुमारे ४ मीटर × ३ मीटर मापाची पुढची खोली आहे. तिच्या मागे २.४ मीटर × २.४ मीटरची आतली खोली आणि तिला लागून १.५ मीटर × २.४ मीटरचे स्वयंपाकघर आहे. मागच्या जागेच्या एका कोपऱ्यात न्हाणीघर व शौचालय असून उरलेला चौक सुमारे ६ चौरस मीटरांचा आहे. या घरात आजी, पतिपत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले अशी पाच माणसे राहतात असे समजू.

आता या पाच जणांना जागा पुरेनाशी झाली, की सर्वांत आधी नजर जाते ती मागच्या चौकाकडे. तेथे भांडी घासली जातात, कपडे वाळतात, एरवी तो रिकामाच दिसतो. त्यावर पत्रा टाकला किंवा फरशी घातली की एक खोली फुकटात मिळाली, असा हिशेब केला जातो. ओळीतल्या एका घराने हे केले की दुसरे करते. हा हिशेब कोठे चुकतो, हे पाहणे आवश्यक आहे.

चौकाचे कार्य

जयपूर शहराची स्थापना सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ साली केली. विद्याधर भट्टाचार्य यांच्या सहकार्याने आखलेल्या या शहरातील हवेल्या चौकाभोवती बांधलेल्या आहेत. रस्त्याकडे हवेलीची भिंत जवळजवळ बंद असते. घराचा जीव आतल्या चौकात असतो. उष्ण व कोरड्या प्रदेशातील बांधकामाचा हा जुना अनुभव आहे. रात्री चौकाची जमीन आणि भिंती आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देतात, थंड झालेली हवा जड असल्यामुळे खाली चौकात साठते आणि भोवतालच्या खोल्यांत शिरते. सकाळी उन्हे चढेपर्यंत हा गारवा टिकतो. दिवसा चौकातील तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या मागोमाग खोल्यांतील कोंदट हवाही ओढली जाते.

मानसरोवरच्या लहान घरातील सहा चौरस मीटरांचा चौक हवेलीच्या चौकाच्या तुलनेने अगदीच किरकोळ खरा. परंतु काम तो तेच करतो. आतली खोली आणि स्वयंपाकघर यांच्या खिडक्या केवळ याच चौकात उघडतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व कोरड्या हवामानात खोलीच्या खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश असावे लागते. आतल्या खोलीचे क्षेत्रफळ पावणेसहा चौरस मीटर आहे. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंद व १ मीटर उंच अशी एक खिडकी तिला पुरते. मात्र ती खिडकी बाहेरच्या हवेत उघडली पाहिजे. चौक झाकल्यावर खिडकी जागच्या जागी राहते, पण ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघडणारी खिडकी होते. तिच्यातून ना ऊन येते, ना वारा.

म्हणजे चौक झाकून कुटुंबाने सहा चौरस मीटर जागा मिळविली. पण आतली खोली आणि स्वयंपाकघर मिळून सुमारे साडेनऊ चौरस मीटर जागेचा उजेड घालविला. नव्याने मिळालेली खोलीही न्हाणीघर व शौचालय यांच्या दाराशी असल्याने ओलसर राहते. पत्रा असेल तर ती मे महिन्यात भट्टीसारखी तापते. या नुकसानाचा वाटा घरातील सर्वांना सारखा येत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुरुषमाणसे दिवसभर बाहेर असतात, मुले शाळेत जातात. काळोख्या खोलीत दिवस काढावा लागतो तो आजीला, आणि कोंदट स्वयंपाकघरात उभे राहावे लागते ते घरच्या बाईला. घर वाढविण्याचा निर्णय घेताना या दोघींचे मत क्वचितच विचारले जाते.

सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळू लागला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. उघड्या चौकाकडे दार असलेल्या स्वयंपाकघरातून तो बाहेर पसरून विरळ होऊ शकतो. झाकलेल्या चौकात तो कोंडून राहतो. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग चौकात बसवून वर छप्पर घातलेले असेल, तर एका खोलीतून काढलेली उष्णता सरळ स्वयंपाकघरात जाते.

चोरांचे किंवा माकडांचे भय असेल तर चौकावर लोखंडी सळयांची जाळी बसवावी. तिच्यातून ऊन, वारा आणि पाऊस मोकळेपणाने येतात. उन्हाळ्याच्या दुपारी चौक फार तापत असेल, तर जाळीवर जाड कापडाचे पाल ओढता येईल अशी दोरीची सोय करावी. संध्याकाळी ते न चुकता गुंडाळून ठेवावे, म्हणजे रात्री आकाश उघडे राहील.

इतरत्र आलेला अनुभव

लहान खोलीला लागून मोकळी जागा असेल तर तीत किती संसार सामावतो, याचे उदाहरण मुंबईत सापडते. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग या ठिकाणी चाळी बांधल्या. त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट, म्हणजे पंधरा चौरस मीटरांच्या आतबाहेर होते. एवढ्या जागेत मोठमोठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्या राहण्यात हाल पुष्कळ होते आणि त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ते राहणे शक्य तरी झाले, ते खोलीबाहेरचा सामाईक बोळ, जिना आणि इमारतींमधील पटांगण यांच्या आधारावर. मुलांचा खेळ, म्हाताऱ्यांच्या गप्पा, लग्नकार्याची पंगत यांना खोलीत जागा नव्हती. त्या सर्वांना बाहेर जागा होती.

हाच विचार वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी पुढे आराखड्यातच उतरविला. नवी मुंबईत सिडकोसाठी बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी जी घरे उभारली, त्यांचे भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे आपल्या नमुन्याच्या घराएवढेच किंवा थोडे मोठे होते. प्रत्येक घराला स्वतःची, आकाशाला उघडी जागा दिलेली होती आणि सात सात घरे एका लहान सामाईक अंगणाभोवती बांधलेली होती. उष्ण देशात उघडी जागा ही वाया गेलेली जागा नसून राहण्याचीच जागा आहे, असे कोरिया यांचे प्रतिपादन होते. पुढील काळात तेथील बऱ्याच घरांच्या जागी अधिक मोठी बांधकामे झाली. वाढत्या कुटुंबाचा रेटा किती जबर असतो हे यावरून दिसते. या रेट्याला उत्तर द्यावयाचे तर केवळ चौक झाकू नका असे सांगून भागत नाही. जी जागा हाताशी आहे तिचा अधिक चांगला उपयोग कसा करावा, हेही सांगितले पाहिजे.

ऊन आणि सावली

घराची मांडणी बदलण्यापूर्वी त्याच्या कोणत्या भिंतीवर ऊन केव्हा येते, हे पाहून ठेवावे. जयपूर सुमारे २७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून साडेशहाऐंशी अंशांवर असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास तो चाळीस अंशांपर्यंतच चढतो. दक्षिणेकडील खिडकीवर ४५ सेंटिमीटरांचा साधा छज्जा असला, तर जूनच्या मध्यान्ही ती खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात मात्र छज्जाची सावली खिडकीच्या वरच्या ३७ सेंटिमीटरांवरच पडते आणि खालच्या भागातून ऊन आत येते. उन्हाळ्यात ऊन अडविणारा आणि हिवाळ्यात सोडणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

चौक घराच्या दक्षिणेस असेल तर आणखी एक लाभ होतो. चौकाची मागची भिंत १.८ मीटर उंच आणि घरापासून दोन मीटर दूर असेल, तर डिसेंबरच्या मध्यान्हीही तिची सावली घराच्या भिंतीवर जेमतेम १५ सेंटिमीटर चढते. बाकीची सारी भिंत उन्हात असते. जयपूरच्या कडाक्याच्या थंडीत आजीची बाज येथे टाकावी, गाद्या व पांघरुणे येथेच वाळवावीत. चौक उत्तरेस असेल तर हिवाळ्यातले ऊन पुढच्या अंगणात मिळेल आणि चौक उन्हाळ्यातल्या कामांसाठी उपयोगी पडेल. प्रत्येक घराने आपली दिशा पाहून हा निर्णय करावा.

पश्चिमेच्या उन्हावर छज्जा चालत नाही, कारण दुपारनंतरचा सूर्य खाली आलेला असतो आणि त्याची किरणे आडवी येतात. तेथे बांबूच्या चिकाचा पडदा किंवा वाळ्याची ताटी खिडकीच्या बाहेरच्या बाजूने लावावी. आतून लावलेला पडदा ऊन थोपवितो, पण तापलेली काच खोलीच्याच बाजूला राहते. पुढच्या मोकळ्या जागेत एखादे झाड लावता आले तर त्याहून उत्तम.

भिंती आणि छप्पर यांचा स्वभावही ओळखून घ्यावा. २३ सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत बाहेरून तापू लागल्यापासून ती उष्णता आत पोहोचण्यास साधारणतः सहा ते आठ तास लागतात. म्हणून मे-जूनमध्ये सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या-दारे बंद करावीत आणि सूर्यास्तानंतर पुढची व मागची अशी दोन्ही बाजूंची एकदम उघडावीत. हा वारा पुढून मागे वाहावयाचा, तर मागचा चौक उघडा हवा, हे पुन्हा सांगावयास नको. छप्पर सर्वांत अधिक तापते. गच्चीवर दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी पांढऱ्या चुन्याचे हात दिले तर बरेच ऊन परत फेकले जाते. चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी हा तोच उपाय, अधिक टिकाऊ स्वरूपात.

मे-जूनच्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर उत्तम काम देतो. मात्र तो खिडकीच्या बाहेर बसवावा, म्हणजे बाहेरची कोरडी हवा तो आत घेईल. त्याच वेळी समोरच्या बाजूची एखादी खिडकी उघडी ठेवावी. सगळे बंद करून कूलर लावणे ही नेहमी आढळणारी चूक होय. त्यामुळे खोलीत दमटपणा साठतो आणि काही वेळाने गारवा जाणवेनासा होतो. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे कूलरचा उपयोग होत नाही. तेव्हा पंखा आणि उघड्या खिडक्या यांवरच भिस्त ठेवावी.

एक जागा, अनेक वेळा

मोठ्या घरात प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली असते. लहान घरात एकाच जागेने दिवसाच्या निरनिराळ्या वेळी निरनिराळी कामे करावी लागतात. ही काही नवी कल्पना नव्हे. आपल्या जुन्या घरांतील माजघरात सकाळी निवडणे-टिपणे, दुपारी पंगत, संध्याकाळी मुलांचे पाढे आणि रात्री अंथरुणे असा क्रम चालत असे. हे साधत असे ते माजघराची जमीन मोकळी असल्यामुळे. सामान भिंतीत, कोनाड्यांत, फडताळात आणि माळ्यावर असे.

आता नमुन्याच्या घरातील आतली खोली पाहू. तीत १.८ मीटर × १.९५ मीटरचा पलंग ठेवला, तर त्याने साडेतीन चौरस मीटर जागा अडते. म्हणजे खोलीचा साठ टक्के भाग दिवसाचे चोवीसही तास एकाच कामाला वाहिला जातो. दोन माणसे सात तास झोपतात. उरलेले सतरा तास ती जागा कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. त्याऐवजी भिंतीलगत पाऊण मीटर रुंदीचा, खाली पेटी असलेला दिवाण ठेवावा. रात्री शेजारी गादी पसरून दोघांची झोप होते. दिवसा गादीची गुंडाळी दिवाणावर लोडासारखी ठेवली की खोली अभ्यासाला, शिवणकामाला किंवा आजारी माणसाच्या विश्रांतीला मोकळी होते.

कुटुंबातील प्रत्येकाला स्वतःची खोली देता येणार नाही, हे उघड आहे. परंतु प्रत्येकाला स्वतःची जागा मात्र देता येते, आणि ती दिली पाहिजे. आजीसाठी दिवसा उजेडाच्या खिडकीजवळची बाज व हाताशी एक कोनाडा. अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली, घडी घालता येणारी फळी आणि तिच्यावर तिचा स्वतःचा दिवा. मुलाच्या वह्यांसाठी एक कप्पा. घरच्या बाईसाठी कुलूप लागेल असे एक फडताळ. या गोष्टींना मिळून फारशी जागा लागत नाही. पण अमुक जागा आपली आहे आणि ती कोणी हलविणार नाही, हा विश्वास लहान घरातील पुष्कळशा कुरबुरी मिटवितो.

अशी वाटणी करताना वेळापत्रक कागदावर लिहून काढणे उपयुक्त ठरते. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे पाच रकाने पाडावेत आणि प्रत्येक रकान्यात कोण कोठे काय करतो ते लिहावे. ज्या रकान्यात दोन कामे एकाच जागी येतात तेथेच घरात ओढाताण होत असल्याचे आढळेल. उदाहरणार्थ, संध्याकाळी दूरदर्शन संच आणि मुलीचा अभ्यास ही दोन्ही पुढच्या खोलीत येत असतील, तर नवी खोली बांधण्यापूर्वी यांपैकी एक आत नेता येईल का, हे पाहावे.

गच्ची हीदेखील घराचीच खोली आहे. जयपुरात मकरसंक्रांतीला अवघे शहर पतंग उडविण्यासाठी गच्चीवर असते. परंतु वर्षातील इतर दिवशीही सकाळची आणि सायंकाळनंतरची वेळ तेथे सुखाने घालविता येते. जिना सोपा, कठडा पुरेसा उंच आणि वर पाण्याचा माठ व एक दिवा असला, तर उन्हाळ्याच्या रात्री पाचांपैकी दोघांची झोपण्याची सोय तेथे होऊ शकते.

भिंती, फळ्या आणि वाटा

जमीन मोकळी ठेवावयाची तर सामानाने भिंतीवर चढले पाहिजे. दाराच्या चौकटीची उंची साधारणतः २.१ मीटर असते. त्या उंचीवर, दारे-खिडक्यांच्या वरून, ३० सेंटिमीटर रुंदीची सलग फळी बसविता येते. राजस्थानात अशा जागेला टांड म्हणतात. पुढच्या खोलीच्या एक लांब व एक आखूड अशा दोनच भिंतींवर ती बसविली, तरी तिची लांबी सात मीटर होते आणि सुमारे दोन चौरस मीटर जागा मिळते. वर्षातून एकदोनदाच लागणाऱ्या वस्तू येथे ठेवाव्यात. रोजच्या वस्तू मात्र कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत असाव्यात, म्हणजे वाकणे आणि चढणे टळते. नवी कपाटे घेण्यापूर्वी आहेत त्या वस्तूंची निवड करावी. जी वस्तू दोन वर्षांत हाताळलेली नाही, ती साठविण्यासाठी जागा निर्माण करणे हे लहान घराला परवडणारे नाही.

यानंतर चालण्याच्या वाटा पाहाव्यात. पुढच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत आणि स्वयंपाकघरापासून चौकापर्यंत अशा दोन वाटा नमुन्याच्या घरात आहेत. त्या सरळ आणि निदान पाऊण मीटर रुंद असाव्यात. वाट खोलीच्या मधून तिरकी गेली, तर खोलीचे दोन निरुपयोगी तुकडे होतात. भिंतीच्या कडेने गेली, तर उरलेला भाग सलग राहतो. पुष्कळदा एखादी खुर्ची हलवून किंवा दाराची फळी उलट बाजूस उघडेल अशी करून हे साधते. वृद्ध माणूस रात्री उठून शौचालयाकडे जातो ती वाट तर कधीही अडलेली असू नये.

पिण्याच्या पाण्याचे माठ ठेवण्याच्या जागेला राजस्थानी घरांत परिंडा म्हणतात. आपल्याकडील घडवंचीसारखाच तो घरातील मानाचा कोपरा असतो. चौकाच्या दाराशी, सावलीत पण वाऱ्यावर, त्याची योजना केली तर पाणी गार राहते आणि सांडलेले पाणी चौकात वाहून जाते.

घराची ऊब

हवा, उजेड आणि वाटा यांची व्यवस्था लागल्यावर घरात राहावेसे वाटावे यासाठी फार खर्च करावा लागत नाही. छत पांढरे आणि भिंती फिकट रंगाच्या ठेवाव्यात. त्यामुळे खिडकीतून येणारा उजेड खोलीभर पसरतो. जमिनीवर बसण्याची पद्धत असेल तेथे भिंतीच्या खालच्या मीटरभर भागास गेरूसारखा गडद रंग द्यावा, म्हणजे पाठ टेकून पडणारे डाग दिसत नाहीत. छताच्या मध्यभागी एकच प्रखर दिवा लावल्याने कोपरे अंधारे आणि चेहरे निस्तेज दिसतात. त्याऐवजी पिवळसर प्रकाशाचे दोन मंद दिवे, एक बैठकीजवळ आणि एक वाचण्याच्या जागी, खाली लावले तर तीच खोली शांत व आपलीशी वाटते.

मानसरोवरपासून जवळच असलेले सांगानेर हे हातछपाईच्या सुती कापडासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. पांढऱ्या किंवा फिकट जमिनीवरील बारीक फुलांचे हे कापड लहान खोलीच्या पडद्यांना योग्य असते, कारण ते उजेड अडवीत नाही आणि वारंवार धुता येते. जयपूरची रजई बारीक पिंजलेल्या कापसाची असते. ती हलकी असूनही उबदार असते आणि उन्हाळ्यात घडी करून दिवाणाच्या पेटीत मावते. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर गादी आणि दोन तक्के एवढ्याने आठ माणसांची बैठक होते. तेवढ्याच जागेत सोफ्याचा संच ठेवला तर पाचच माणसे बसतात. मात्र गुडघेदुखी असलेल्या पाहुण्यासाठी एक उंच खुर्ची अवश्य ठेवावी.

नवी खोली हवीच असेल तर

मुले मोठी होतात, घरात सून येते, आणि कितीही नीट मांडणी केली तरी आणखी एका खोलीची खरोखरच गरज भासते. अशा वेळी घर वर वाढवावे. पुढच्या खोलीवर, तिच्याच भिंतींवर, वरची खोली घेतली तर चौकाचे आकाश अबाधित राहते आणि खालच्या खोलीचे छप्परही थेट उन्हापासून वाचते. जिना पुढच्या मोकळ्या जागेतून नेता येईल. त्याच्या खालची जागा सायकलीला किंवा दुचाकीला उपयोगी पडते.

तथापि हे काम हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. एक म्हणजे संबंधित प्राधिकरणाची लेखी परवानगी घेणे. दुसरी म्हणजे पाया आणि भिंती हा भार पेलतील की नाही, याची जाणकार अभियंत्याकडून तपासणी करून घेणे. राजस्थानात अनेक घरांची छपरे दगडी पट्ट्यांची असतात आणि त्या पट्ट्यांचा सारा भार भिंतींवर असतो. खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत आपल्या मनाने पाडणे अशा घरात जिवावर बेतू शकते. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीला हात लावताना तर त्याची संमतीही हवी.

सरावासाठी

वाचकाने चौकटींच्या कागदावर आपल्या घराचा नकाशा स्वतः काढून पाहावा. एका मीटरला दोन सेंटिमीटर हे प्रमाण सोयीचे पडते. भिंती, दारे आणि खिडक्या दाखवून झाल्यावर त्याच प्रमाणात पलंग, कपाट, टेबल यांच्या आकृती जाड कागदाच्या कापाव्यात आणि नकाशावर सरकवून पाहाव्यात. जड सामान हलविण्यापेक्षा हे सोपे असते. चालण्याच्या वाटा लाल रेषेने आणि ज्या भागात दिवसा दिव्याशिवाय वाचता येत नाही तो भाग काळ्या रेघांनी दाखवावा. मग घरातील सर्वांना, विशेषतः जी माणसे दिवसाचा अधिक वेळ घरात काढतात त्यांना, तो नकाशा दाखवून त्यांचे म्हणणे विचारावे.

हा नकाशा पुरा झाला म्हणजे मागच्या चौकावर किंवा बाल्कनीवर छप्पर घालण्याचा विचार पुन्हा एकदा करावा. छप्पर काढलेल्या नकाशात काळ्या रेघा किती वाढतात हे आधी रेखून पाहावे आणि त्या वाढलेल्या काळोखात घरातील कोणाला बसावे लागणार आहे, याचे नाव तेथे लिहावे. ते नाव वाचून झाल्यावर जो निर्णय होईल, तो बहुधा योग्यच असेल.